स्पीकर म्हातारे होतात का?

घरातली एखादी वस्तू नीट चालेनाशी झाली, की आपण लगेच म्हणतो, "जुनी झाली, आता नवी घ्यायला हवी." या छोट्याशा वाक्यात दोन वेगळी विधाने दडलेली आहेत. 'जुनी झाली' हे झाले रोगाचे निदान आणि 'नवी घ्यायला हवी' हा झाला उपचार. डॉक्टर रोग्याला न तपासता औषध देऊ लागले, तर आपल्याला चालेल का? मग घरातल्या वस्तूंच्या बाबतीत आपण ते कसे चालवून घेतो?

गेल्या दिवाळीच्या आधी असाच एक रोगी मला तपासायला मिळाला. त्याची हकिगत तुम्हांला सांगतो. तुमच्या पुस्तकातला 'ध्वनी' हा धडा तिच्यात जवळजवळ सगळा येऊन जातो.

माझी भाची पुण्यात नववीत शिकते. एके दिवशी तिचा फोन आला. "मामा, बाबा नवीन होम थिएटर घ्यायचं म्हणतायत. चाळीस हजार रुपये बाजूला काढून ठेवलेत. जुन्याचा आवाज नुसता घुमतो आणि आजीला तर एक शब्द कळत नाही. तू एकदा येऊन ऐकशील का?"

रविवारी मी गेलो. दिवाणखाना ४.३ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच. खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना तेलाचा रंग. स्पीकरचा संच २००९ साली घेतलेला. पाच लहान स्पीकर आणि एक मोठे खोके, म्हणजे सबवूफर. दाजी म्हणाले, "इतकी वर्षं झाली. माणसासारखे स्पीकरही म्हातारे होणारच की!"

आजी मात्र आतल्या खोलीत बसल्या होत्या. सिनेमा लागला, की त्या उठून आत जातात, असे ताईने सांगितले. बोलणे कळत नाही आणि दर दोन मिनिटांनी 'काय म्हणाला तो?' असे विचारायचा संकोच वाटतो.

चाळीस हजार रुपये खर्चून आजी बाहेर येऊन बसणार असतील, तर तो खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. पण त्या येतील याची खात्री काय? दोष नेमका कोठे आहे, हेच अजून कोणी पाहिले नव्हते. तेव्हा मी, भाची आणि एक शंभर पानी वही असे आम्ही कामाला लागलो. नियम एकच ठेवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे आढळेल ते लिहून ठेवायचे.

स्पीकरच्या पोटात काय असते?

आज घरोघरी दिसणाऱ्या स्पीकरची रचना अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडली. त्यानंतर साहित्य पुष्कळ सुधारले, पण तत्त्व तेच राहिले. एका चुंबकाच्या खाचेत तारेचे हलके वेटोळे असते. वेटोळ्यातून विद्युतप्रवाह गेला, की चुंबकीय क्षेत्रामुळे त्यावर बल पडते आणि ते पुढे-मागे हलते. वेटोळ्याला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकूच्या आकाराचा पडदा जोडलेला असतो. तो हवेला ढकलतो आणि ध्वनी निर्माण होतो.

आपल्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने होणारे, आवाज ऐकू येतात. एवढा मोठा पल्ला एकाच पडद्याला नीट पेलत नाही. तबल्याच्या जोडीत दोन वाद्ये का असतात? चाटीवरचा खणखणीत बोल तबल्याने काढायचा आणि घुमारा डग्ग्याने द्यायचा. सबवूफर हा होम थिएटरचा डग्गा. साधारण ८० ते १२० हर्ट्झच्या खालचे खर्जाचे आवाज त्याच्याकडे सोपवलेले असतात.

खर्ज काढणे कष्टाचे असते. कंप्रता निम्मी केली आणि आवाजाची पातळी तीच ठेवायची असली, तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. ८० हर्ट्झला पडदा १ मिलिमीटर हलत असेल, तर ४० हर्ट्झला ४ आणि २० हर्ट्झला १६ मिलिमीटर हलायला हवा. म्हणूनच खर्जासाठी मोठा पडदा आणि मोठे खोके लागते.

'५.१' या नावाचा अर्थही येथेच सांगून टाकतो. समोर तीन आणि बाजूंना दोन असे पाच पूर्ण मार्ग, आणि फक्त १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी एक छोटा मार्ग. तो पूर्ण नाही, म्हणून त्याला '.१' म्हणायचे. डॉल्बी डिजिटल या पद्धतीने हा ध्वनी चित्रपटगृहात १९९२ साली 'बॅटमन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर आला आणि पुढे डीव्हीडीमुळे घरात शिरला.

तारा आणि कडा

आता तपासणीकडे वळू. सर्वांत आधी तारा. प्रत्येक स्पीकरला धन आणि ऋण अशी दोन टोके असतात. समोरच्या दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट्या जोडल्या, तर एक पडदा हवा पुढे ढकलत असताना दुसरा ती मागे ओढतो. खालच्या कंप्रतांच्या बाबतीत दोघांचे काम एकमेकांना मारक ठरते.

हे ओळखायचे कसे? स्पीकर ॲम्प्लिफायरपासून सोडवायचा आणि १.५ व्होल्टचा साधा सेल त्याच्या टोकांना क्षणभरच टेकवायचा. धनाला धन लागले, की मोठा पडदा बाहेर येतो. उलटे लागले, की आत जातो. भाचीने स्पीकरवरची जाळी काढून ही परीक्षा घेतली. डाव्या स्पीकरच्या टोकांवरच्या खुणा बरोबर निघाल्या, पण तेथे जोडलेल्या तारांची मात्र अदलाबदल झालेली होती. घराला रंग दिला, तेव्हा तारा काढून पुन्हा जोडल्या होत्या! वहीत पहिली नोंद झाली: 'दोष १. तार उलटी. खर्च शून्य.'

मग सबवूफरची जाळी काढली. पडदा शाबूत होता. पण पडदा आणि लोखंडी चौकट यांना जोडणारी फोमची कडा बोट लावताच भुग्यासारखी सुटली. दाजींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे मिळाले. स्पीकरचे चुंबक, तार आणि कागद वर्षानुवर्षे टिकतात. म्हातारी होते ती पॉलियुरेथेन फोमची कडा. हवेतल्या बाष्पाशी रासायनिक क्रिया होऊन तिचे लांब रेणू तुटत जातात आणि साधारण दहा ते वीस वर्षांत ती गळून पडते. कोकणासारख्या दमट हवेत ही क्रिया लवकर होते. रबराची कडा त्या मानाने फार टिकते.

सबवूफरमधली दुसरी म्हातारी होणारी वस्तू म्हणजे आतल्या ॲम्प्लिफायरचे इलेक्ट्रोलिटिक धारित्र. उष्णतेने त्यातला द्रव हळूहळू उडून जातो. तापमान १० अंशांनी वाढले, की आयुष्य निम्मे होते, असा त्याचा ठोकळ नियम आहे. धारित्र कमजोर झाले, की काही न लावताही खोक्यातून 'हम्म्' असा आवाज येत राहतो. घरातल्या विजेची कंप्रता ५० हर्ट्झ असल्यामुळे हा आवाज बहुधा ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो. आमच्या खोक्यातून तो येत नव्हता. एक मात्र लक्षात ठेवा. ॲम्प्लिफायर स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही धारित्रात भार साठून राहतो आणि त्याचा जोरदार धक्का बसू शकतो.

फोमची नवी कडा बसवून देणारे कारागीर असतात. दाजी खोके बुधवार पेठेत तपकीर गल्लीकडे घेऊन गेले आणि आठवड्याने ते दुरुस्त होऊन परत आले. पुढच्या रविवारी मी पुन्हा हजर झालो.

खोली हेही एक वाद्यच

सबवूफर जागेवर ठेवला, तारा जोडल्या, सिनेमा लावला. फरफर थांबली होती, पण घुमणे कायम! दाजी माझ्याकडे पाहून हसले. "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

आता संशयित कोण उरला? मी भाचीला खोलीची लांबी विचारली. "४.३ मीटर." हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. वेगाला कंप्रतेने भागले, की तरंगलांबी मिळते. तिने गणित मांडले. ४० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी ८.६ मीटर, म्हणजे खोलीच्या लांबीच्या बरोबर दुप्पट!

हे महत्त्वाचे का? समोरच्या भिंतीकडून निघालेला तरंग मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि येणाऱ्या तरंगात मिसळतो. खोलीची लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी असली, की दोघांच्या मिश्रणातून स्थिर तरंग तयार होतो. दोन्ही भिंतींपाशी हवेच्या दाबाचा चढउतार सर्वांत जास्त होतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. बासरीच्या नळीत जे घडते, तेच येथे खोलीत घडते. खोलीही आपला एक स्वर लावून बसलेली असते. आमच्या खोलीचा तो लांबीतला स्वर ४० हर्ट्झचा होता. रुंदीतला स्वर येतो ४९ हर्ट्झचा. तुम्ही पडताळून पाहा.

आता घरातली मांडणी पाहा. सबवूफर पुढच्या कोपऱ्यात आणि सोफा मागच्या भिंतीला चिकटून. म्हणजे स्थिर तरंगाला सर्वांत जोराने ढकलणारी जागा सबवूफरला दिली होती आणि त्याचा सर्वांत जास्त मार बसणारी जागा माणसांना! नवा आणि दुप्पट किमतीचा सबवूफर त्याच कोपऱ्यात ठेवला असता, तर तोही तसाच घुमला असता. खोलीची लांबी काही पैशाने बदलत नाही.

आम्ही मोबाइलवरच्या एका ॲपने ३० ते १०० हर्ट्झपर्यंत पाच-पाच हर्ट्झच्या पायऱ्यांनी सूर लावले आणि दुसऱ्या मोबाइलवरच्या ध्वनिमापकाने सोफ्यावर पातळी मोजली. मोबाइलचा आकडा प्रयोगशाळेतल्या यंत्राइतका खरा नसतो. खर्जात तर तो बराच चुकतो. पण तीच जागा, तोच मोबाइल आणि तोच सूर ठेवून 'आधी' व 'नंतर' यांची तुलना करायला तो पुरतो. वहीतल्या आलेखात ४० हर्ट्झपाशी एक उंच टेकडी उभी राहिली.

सबवूफर बसला सोफ्यावर!

मग सबवूफर ठेवायचा कोठे? येथे एक गमतीची युक्ती आहे. सबवूफर उचलून आम्ही सोफ्यावर, दाजींच्या बसायच्या जागी ठेवला. खर्जाचे एक गाणे लावले आणि भाची भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत निघाली. जेथे खर्ज भरीव पण सारखा ऐकू येईल, तेथे खडूची खूण करायची.

ताई म्हणाली, "हा काय पोरखेळ?" पण हा पोरखेळ नव्हे. ध्वनीचा उगम आणि ऐकणारा यांच्या जागांची अदलाबदल केली, तरी दोघांमधले ध्वनीचे वहन तेच राहते, असा अन्योन्यतेचा नियम आहे. लॉर्ड रॅले यांनी आपल्या ध्वनिशास्त्रावरील ग्रंथात १८७७ साली त्याचे विवेचन केले आहे. तेव्हा सबवूफर सोफ्यावर असताना ज्या जागी चांगले ऐकू येते, त्या जागी सबवूफर ठेवला, की सोफ्यावर चांगले ऐकू येणार!

पण सबवूफर बाजूला नेला, तर आवाज एका बाजूने येतो आहे असे वाटणार नाही का? खर्जाच्या बाबतीत सहसा वाटत नाही. आवाजाची दिशा आपण दोन कानांवर पडणाऱ्या ध्वनीतल्या फरकावरून ओळखतो. ८० हर्ट्झची तरंगलांबी ४.३ मीटर, म्हणजे डोक्याच्या रुंदीच्या वीसपटींहून जास्त. दोन्ही कानांवर तो तरंग जवळजवळ सारखाच पोचतो. त्यात बंद खोलीतले परावर्तित तरंग मिसळले, की दिशा कळणे अवघडच.

खडूची खूण डाव्या भिंतीलगत, पुढच्या भिंतीपासून सुमारे दीड मीटरवर पडली. म्हणजे दाब जेथे शून्य होतो, त्या मध्याच्या जवळपास. अशा जागेवरून ४० हर्ट्झच्या स्थिर तरंगाला फारसा जोर मिळत नाही. गणिताने ही घट सुमारे ७ डेसिबल येते. सबवूफर तेथे ठेवून पुन्हा मोजले, तेव्हा टेकडी खरोखरच बसकी झाली होती. दुसरी नोंद: 'दोष २. जागा. खर्च शून्य.'

सॅबिनच्या गाद्या

खर्ज ताब्यात आला. पण संवाद अजून गिचमिडच होते. मी खोलीत एक टाळी वाजवली. टाळीमागे 'झर्र्' अशी शेपटी ऐकू आली. भिंती, छत आणि फरशी यांवरून आवाज पुन्हा पुन्हा परावर्तित होऊन रेंगाळतो, त्याला निनाद म्हणतात. निनाद लांबला, की एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते.

हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकापुढे १८९५ साली हाच प्रश्न आला. फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळत असे आणि वक्त्याचे बोलणे कोणाला कळत नसे. सॅबिन रात्रीच्या शांततेत जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तेथे मांडत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजत. त्यातून त्यांचे प्रसिद्ध सूत्र निघाले. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्याला ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागायचे, की निनादाचा काळ सेकंदांत मिळतो.

आमच्या खोलीचे घनफळ सुमारे ४३.६ घनमीटर आणि भिंती, छत व जमीन मिळून पृष्ठफळ सुमारे ७५ चौरस मीटर. गुळगुळीत पृष्ठभाग पडलेल्या ध्वनीचा सरासरी ५ टक्के भाग शोषतो असे धरले, तर शोषण ३.७५ आणि निनादकाळ जवळजवळ १.९ सेकंद येतो. शोषण वाढवून १२ केले, तर तोच काळ ०.६ सेकंदावर उतरतो. सामान असल्यामुळे प्रत्यक्षातली खोली या दोन टोकांच्या मधे कोठेतरी होती. ताईने माळ्यावरून जुनी जाड सतरंजी काढली, खिडकीला दुपदरी पडदे लावले आणि समोरच्या भिंतीलगत पुस्तकांचे कपाट सरकवले. पुन्हा टाळी वाजवली. शेपटी तुटली होती.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली. सिनेमातले बहुतेक सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तो मधला स्पीकर शोकेसमध्ये, अर्ध्या काचेआड आणि गणपतीच्या मूर्तीच्या मागे बसला होता. तो काढून टीव्हीच्या खाली, बसणाऱ्यांच्या कानांच्या रोखाने ठेवला.

आजींचे कान

आता आजींना बाहेर बोलावले. त्यांनी दहा मिनिटे ऐकले आणि म्हणाल्या, "पूर्वीपेक्षा बरं आहे रे. पण शब्द अजून अर्धेच कळतात."

मी भाचीला म्हटले, "आवाज पोचवणारी साखळी किती कड्यांची आहे ते सांग." तिने मोजले. सिनेमा, ॲम्प्लिफायर, स्पीकर, खोली. "आणि पाचवी?" ती थांबली, आजीकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "कान."

बोलण्यातला जोर स्वरांत असतो. आ, ए, ओ हे सुमारे १,००० हर्ट्झच्या खालच्या भागात मोठी ऊर्जा घेऊन येतात. शब्दांचा अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर ठरतो. 'ताट', 'पाट' आणि 'साठ' यांत 'आ' तोच आहे. फरक करतात ती त, प, स, ट, ठ ही अशक्त व्यंजने, आणि त्यांच्या ओळखीच्या बऱ्याच खुणा २,००० हर्ट्झच्या वरच्या भागात असतात. वय वाढते, तशी कानाची शक्ती बहुधा वरच्या कंप्रतांपासूनच कमी होत जाते. म्हणून वृद्ध माणसे म्हणतात, "आवाज येतो, पण शब्द कळत नाही." ते अगदी खरे असते.

त्यात सबवूफर मोठा ठेवला, की आणखी अडचण होते. खालच्या कंप्रतेचा मोठा आवाज वरच्या कंप्रतांचे लहान आवाज झाकून टाकतो. बेल प्रयोगशाळेशी संबंधित वेगेल आणि लेन या शास्त्रज्ञांनी हे झाकणे १९२४ सालीच मोजून दाखवले होते. आम्ही सबवूफरची पातळी ६ डेसिबलने उतरवली आणि मधल्या स्पीकरची ३ डेसिबलने चढवली. आजींना आणखी थोडे कळू लागले.

"पण मामा," भाची म्हणाली, "नव्या स्पीकरमध्ये बोलणं जास्त स्पष्ट असेल तर?" प्रश्न रास्त होता. तेव्हा तीही परीक्षा घ्यायचे ठरले.

डोळ्यांनी ऐकू नका!

दाजींच्या मित्राकडे नवा संच होता. त्याने त्यातला मधला स्पीकर दोन दिवसांसाठी दिला. पण नवा स्पीकर समोर ठेवून "कसा वाटतो?" असे विचारण्यात अर्थ नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० श्रोत्यांना तेच चार स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर ऐकवले. उघड्यावर मोठ्या, महागड्या स्पीकरांना जास्त गुण मिळाले आणि लहान, स्वस्त संचाचे गुण घटले. ऐकणाऱ्यांत अनुभवी मंडळीही होती. आवाज तोच, पण डोळ्यांनी निकाल फिरवला!

दुसरा सापळा म्हणजे आवाजाची पातळी. जरासा मोठा वाजणारा स्पीकर आपल्याला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. म्हणून दोन्ही स्पीकरांची पातळी मोजून सारखी केली. दोन्हींपुढे जुनी पातळ ओढणी टांगली. भाचीने नाणे उडवून कोणता आधी लावायचा ते ठरवले आणि तोच संवाद दोन्हींवर ऐकवून दाजींना विचारले, "पहिला चांगला, की दुसरा?" असे दहा वेळा केले.

नव्या स्पीकरला सहा मते पडली, जुन्याला चार. नवा जिंकला का? दहा वेळा नाणे उडवले, तर छापा सहा किंवा अधिक वेळा पडण्याची शक्यता १,०२४ पैकी ३८६, म्हणजे सुमारे ३८ टक्के. तेव्हा सहा मते नुसत्या योगायोगानेही सहज पडतील. नऊ किंवा अधिक मते पडली असती, तर? योगायोगाने तसे होण्याची शक्यता १,०२४ पैकी फक्त ११, म्हणजे सुमारे एक टक्का. मग नव्या स्पीकरला मान द्यावा लागला असता.

दाजी ओढणी बाजूला करून बराच वेळ दोन्ही स्पीकरांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "यासाठी मी चाळीस हजार देणार होतो?"

मग नवे घ्यायचे तरी केव्हा?

याचा अर्थ नवे स्पीकर घेणे हा मूर्खपणा आहे, असा मुळीच नाही. तपासणी झाल्यावर पुढील कारणे उरली, तर खुशाल घ्यावेत.

पहिले कारण, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या जवळपास जाणे. वेटोळे जळले असेल किंवा पडदा फाटला असेल, तर हिशेब करून पाहावा.

दुसरे, सबवूफरची ताकद खरोखरच अपुरी पडणे. जागा बदलली, पातळी नीट लावली, तरी मोठ्या खोलीत तो फाटका वाजत असेल, तर त्याच्या पडद्याची सीमा आली असे समजावे. २० सेंटिमीटर व्यासाऐवजी ३० सेंटिमीटरचा पडदा घेतला, तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि तेवढ्याच हालचालीत आवाज सुमारे ७ डेसिबलने वाढतो. हा फरक खरा असतो. कोणाच्या जाहिरातीवर तो अवलंबून नाही.

तिसरे, पडद्याआडच्या परीक्षेत नवा स्पीकर पुन्हा पुन्हा जिंकणे.

आणि चौथे, जोडणीच न होणे. नव्या टीव्हीची केबल जुन्या संचाला लागत नसेल, तर बदलायला हवा तो ॲम्प्लिफायर. स्पीकरला मिळतो तो केवळ विद्युतप्रवाह. तो कोणत्या जमान्यातल्या यंत्रातून आला, हे त्याला ठाऊक नसते. फक्त स्पीकरवर लिहिलेले ओहम नव्या ॲम्प्लिफायरला चालतात ना, एवढे पाहून घ्यावे.

आमच्या रोग्याच्या बाबतीत यांपैकी एकही कारण उरले नाही. फोमची कडा बदलायला नव्या सबवूफरच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागला. बाकीचे उपचार म्हणजे उलटी तार, खडूची खूण, सतरंजी आणि शोकेसमधून बाहेर काढलेला एक स्पीकर.

एक कडी मात्र राहिली होती. दुसऱ्या दिवशी ताई आजींना श्रवणतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी वेगवेगळ्या कंप्रतांचे सूर ऐकवून दोन्ही कानांचे आलेख काढले. भाचीने तो कागद मला फोनवरून वाचून दाखवला. "मामा, खालच्या कंप्रतांना रेघ जवळजवळ सरळ आहे आणि २,००० च्या पुढे एकदम उतरते. आपल्या वहीतल्या आलेखासारखाच आहे, फक्त हा आजीचा." बाजूला काढलेल्या रकमेतून दाजींनी आजींसाठी श्रवणयंत्रे घेतली.

स्पीकर म्हातारे होतात का? होतात, पण सगळे नाही आणि सगळीकडून नाही. त्यांचा कोणता भाग झिजला, कोणता धडधाकट आहे आणि दोष मुळात त्यांचा आहे की नाही, हे तपासल्यावाचून कळत नाही. तुमच्या घरी किंवा शाळेच्या सभागृहातही असा एखादा 'म्हातारा' असेल. विज्ञान मंडळातर्फे त्याची तपासणी करा. टाळी वाजवून निनाद ऐका. खोलीची लांबी मोजून तिचा स्वर काढा. तारांची टोके पाहा. आणि हो, वही विसरू नका.

भाऊबीजेला मी पुन्हा ताईकडे गेलो. सगळे जण सिनेमा पाहत होते आणि आजी सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या. मी आत शिरताच त्या दाजींना म्हणाल्या, "अरे, तो आवाज जरा कमी कर. कान किटले माझे!"